तळघरातली न्हाणी

आमच्या घराच्या खालच्या खोलीला तळघर म्हणावे की तळमजला, यावर घरात कधी एकमत झाले नाही. नाशिकला गंगापूर रस्त्याच्या एका अंगाने जमीन गोदावरीकडे उतरत जाते, त्या उतारावर हे घर आहे. पुढच्या रस्त्यावरून पाहिले तर ती खोली जमिनीत गाडलेली; मागच्या बोळातून आले तर तिच्या दारात एकही पायरी नाही. इतकी वर्षे तिथे जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांसारखे कुणालाच नको असलेले सामान आणि उन्हाळ्यात दुपारी झोपायला येणारे पाहुणे एवढ्यांचाच वावर होता.

गेल्या वर्षी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ते वॉकर घेऊन चालू लागले. पण रस्त्यावरून घरात यायला पाच पायऱ्या आणि निजायच्या खोलीत जायला आणखी सोळा, हे गणित त्यांच्यापुरते संपले. खालची खोली मात्र सगळ्या दृष्टीने सोयीची होती. बोळातून रिक्षा थेट दाराशी येते, खोली मे महिन्यातही गार असते, आणि अण्णांची पुस्तके तिथेच आहेत. उणीव एकच होती. तिथे संडास-न्हाणी नव्हती.

मला वाटले होते की हे काम आठवड्याभराचे आहे. चार भिंती, एक कमोड, एक नळ, फरशी. पाणी आणणे सोपे असते. वरच्या टाकीतून ते आपल्या वजनाने खाली येते. ते घालवणे ही निराळी विद्या आहे, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. त्र्यंबक रस्त्याने शहराबाहेर पडण्याऐवजी मुंबईच्या वाटेने गेले की पांडवलेणी लागतात. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, आणि त्यात लेण्याबरोबर पोढ्यांचाही, म्हणजे खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांचाही, उल्लेख आहे. पाणी येण्याची सोय करणाऱ्याने आपले नाव दगडात कोरून ठेवावे, हे आपल्याकडे इतके जुने आहे. पाणी जाण्याची सोय केली म्हणून कुणी लेख कोरल्याचे माझ्या वाचनात नाही.

मिस्त्री आले ते हातात पारदर्शक नळीचे वेटोळे घेऊन. नळीत पाणी भरले, एक टोक पुढच्या रस्त्याजवळच्या चेंबरपाशी त्यांच्या मुलाने धरले, दुसरे टोक बागेला वळसा घालून ते स्वतः खालच्या खोलीत घेऊन आले. दोन्ही टोकांतले पाणी एका पातळीत स्थिरावले, तिथे त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. पाणसळ हा शब्द मी कितीतरी वेळा वर्गात समजावून सांगितला असेल, ओळंब्याच्या जोडीने. पण पाण्याने पाण्याची पातळी मोजताना मी प्रथमच पाहिले. रेघ माझ्या कपाळाच्याही वर होती. हिशेब असा निघाला : आमच्या खोलीची फरशी रस्त्याच्या सात फूट खाली, रस्त्यालगतच्या चेंबरचा तळ, जिथून मैला पुढे महापालिकेच्या वाहिनीत जातो, तो रस्त्याच्या फक्त तीन फूट खाली. म्हणजे वाहिनी आमच्या फरशीपेक्षा चार फूट उंच. शिवाय आडव्या पाइपला फुटाला पाव इंच ढाळ हवा. अंतर चाळीस फुटांचे, म्हणजे आणखी दहा इंच.

"मॅडम, कमोड जमिनीपासून पाच फुटांवर बसवला तर काही अडचण नाही," मिस्त्री म्हणाले. चेहरा अगदी गंभीर होता.

या ढाळाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण माझी समजूत अगदी उलट होती. जितका उतार जास्त तितके चांगले, असे आपल्याला वाटते. तसे नाही. उतार फार कमी असेल तर सगळेच रेंगाळते हे उघड आहे; पण फार तीव्र असेल तर पाणी पुढे धावते आणि घन भाग मागे राहतो, अशी कारागिरांची शिकवण आहे. दोघांनी एकमेकांना धरून जावे इतपतच वेग हवा. चार इंची पाइपाला साधारण चाळीसास एक ते अठ्ठेचाळिसास एक हे प्रमाण चालते. अशा वेळी मराठीच्या प्राध्यापिकेला रूपक सुचते. मी ते आवरले, कारण मिस्त्री पुढच्या प्रश्नावर गेले होते.

प्रश्न होता खड्ड्याचा. वाहिनी उंच आणि घर खोल असेल तर मार्ग एकच : मैला आधी खाली एका टाकीत गोळा करायचा, आणि तिथून पंपाने वर ढकलायचा. मागच्या बागेत, बोळाच्या दाराजवळ, सहा फूट खोल पक्का खड्डा, वर माणूस उतरेल एवढे झाकण, आत पंप. सेप्टिक टँक व शोषखड्डा हा दुसरा पर्याय त्यांनी स्वतःच बाद केला. आमच्याकडे वर काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि पाणी मुरू देत नाही, आणि शेजाऱ्यांची विहीर पंचवीस पावलांवर आहे. मी खड्ड्याला होकार देणार होते. रात्री जेवताना अण्णांना तो आराखडा दाखवला. उत्तरपत्रिका तपासावी तसा त्यांनी तो पाहिला आणि विचारले, "यात उतरणार कोण?"

मी म्हटले, कुणी उतरायचे नाही, पंप आहे.

"पंप बिघडेल तेव्हा?"

मी म्हटले, मग कुणाला तरी बोलावू.

"तेच विचारतोय. कुणाला?"

अण्णांचे बालपण जुन्या नाशिकमधल्या एका वाड्यात गेले. 1940 च्या दशकातला हा काळ. वाड्याच्या मागच्या अंगाला टोपलीचे संडास होते आणि त्यांची लोखंडी पत्र्याची बुटकी दारे मागच्या बोळात उघडत. त्या बोळात जायची मुलांना बंदी होती. सकाळी एक बाई येई, पत्र्याचे दार उघडल्याचा आवाज येई, टोपली ओढल्याचा, राख टाकल्याचा आवाज येई. ती दिवाळीला पुढच्या दाराशी येई तेव्हा तिला फराळ वरून टाकला जाई. या बाईंचे नाव आपल्याला कधी कळले नाही, हे अण्णा आम्हांला लहानपणापासून सांगत आले. सांगताना त्यात खंत असे, पण एखाद्या जुन्या गोष्टीची असते तशी. त्या रात्री ती गोष्ट जुनी राहिली नव्हती. आराखड्यावरच्या बोळाच्या दारावर बोट ठेवून ते म्हणाले, "पुन्हा मागचंच दार. फक्त टोपलीच्या जागी खड्डा. मी नाही राहणार त्या खोलीत."

मी चिडले, हे कबूल केले पाहिजे. तीन महिने मी त्यांना दिवाणखान्यातल्या पलंगावर, पडद्याआड, भांडे देऊन सांभाळत होते. त्या भांड्याचे कामही कुणीतरी करतच होते, आणि ते कुणीतरी म्हणजे मी आणि सकाळी येणाऱ्या एक मावशी होतो. तत्त्व सुचायला यांना बरे फावते, असे मनात आलेच. पण प्रश्न मात्र खोटा नव्हता. कोरडे संडास आणि हाताने मैला वाहण्याची नोकरी यांवर 1993 च्या कायद्याने बंदी आली. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारे व सेप्टिक टँक साफ करवून घेणेही गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपयांची भरपाई सांगितली, 2023 मध्ये ती 30 लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले. आपल्या नाशिकच्या अरुण ठाकूर यांनी महंमद खडस यांच्यासह लिहिलेले 'नरक सफाईची गोष्ट' मी दरवर्षी विद्यार्थ्यांना वाचायला सांगते. ते पुस्तक त्याच खोलीत होते, जिच्या दाराशी मी सहा फुटांचा खड्डा खणायला निघाले होते.

मरणाचे कारण बहुधा बुडणे नसते. साचलेल्या मैल्यातून मिथेन निघतो, हायड्रोजन सल्फाइड निघतो. दुसऱ्याला सडक्या अंड्याचा वास येतो असे आपण शाळेत शिकलो. पण तो वायू वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटून माणूस खाली वाकतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो तळाशी बसून राहतो. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो. वर्तमानपत्रात दोन-तीन नावे एकत्र येतात ती अशी.

अण्णांनी आप्पासाहेब पटवर्धनांचा विषय काढला. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून आप्पासाहेबांनी 1932 मध्ये अन्नत्याग केला होता, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधींनीही. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारा संडास घडवला. अण्णांचे म्हणणे, तसाच करू. बागेत खताची जागा होती, हेही खरे. पण वॉकर घेऊन चालणाऱ्या शहाऐंशी वर्षांच्या माणसाला रात्री दोन वाजता बागेत पाठवायचे, पावसाळ्यातही, हे मला मान्य नव्हते. आमचे दोन दिवस बोलणे बंद होते. असो.

मार्ग निघाला तो मिस्त्रींच्या एका वाक्यातून. "खड्डा खोल का होतो? कारण तुम्ही सगळंच पाणी त्यात टाकता."

न्हाणीचे पाणी आणि संडासाचे पाणी ही आपल्याकडे मुळात दोन वेगळी पाणी. आजही जुन्या पद्धतीच्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर दोन पाइप खाली येताना दिसतात : एक मैल्याचा, एक सांडपाण्याचा. दुसऱ्याच्या वाटेत जमिनीलगत एक जाळीचा चौकोन असतो, त्याला मिस्त्री गल्ली ट्रॅप म्हणतात. गावाकडच्या घरांत तर न्हाणीचे पाणी थेट मागच्या अळूला, केळीला, कर्दळीला जाई. आमची बाग मागे उतरती आहे. न्हाणीचे पाणी तिथे आपल्या पायांनी जाऊ शकत होते, त्याला पंपाची गरजच नव्हती. उरला फक्त कमोड. आणि कमोडातही दोन जाती असतात. एकाचे तोंड खाली फरशीत जाते, दुसऱ्याचे मागे भिंतीत, फरशीपासून सुमारे सात इंचांवर. दुसरा घेतला की पाइप फरशीच्या वरूनच भिंतीबाहेर पडतो. मग टाकी सहा फूट खोल असण्याचे कारण नाही. एका माणसाचा दिवसाचा हिशेब साठ-सत्तर लिटर. दोनशे लिटरची बंद टाकी, दोन फूट खोल, पुरते. वीज दोन दिवस नसली तरी पुरते. गुडघ्याएवढ्या टाकीत कुणी उतरत नाही, उतरूच शकत नाही. पंपाला साखळी आणि उभी सळई. तो बिघडला तर उभ्याने वर ओढून घ्यायचा.

अण्णांनी झाकणाचे माप विचारले. दीड फूट बाय एक फूट. "आणखी लहान होईल का?" ते म्हणाले. पंप निघायला तेवढे लागतेच, असे मिस्त्रींनी सांगितल्यावर ते गप्प बसले.

इथे मला आवडलेल्या एका शब्दाबद्दल लिहायचे आहे. न्हाणीच्या फरशीत जो खोलगट गोल तुकडा बसवतात, ज्यावर जाळी असते, त्याला देशभरचे अभियंते नहाणी ट्रॅप म्हणतात. इंग्रजीतून लिहिलेल्या स्थापत्याच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत तो याच नावाने असतो. ज्यांच्या भाषेत न्हाणे नाही असे विद्यार्थीही परीक्षेत नहाणी ट्रॅपची आकृती काढतात. संस्कृतातल्या स्ना-चे प्राकृतात ण्हा झाले, मराठीत न्हा. त्यापासून न्हाणे, न्हाणी, मुलीला न्हाण येणे. इतक्या घरगुती शब्दाने मानक परिभाषेत जाऊन बसावे, आणि आम्ही परिभाषा कोशांच्या समित्यांत नवे शब्द घडवत राहावे, याची मला गंमत वाटते.

त्या ट्रॅपमध्ये असते काय? दोन इंच पाणी. बाकी काही नाही. वाकड्या नळीत नेहमी थोडे पाणी अडून राहते आणि तेवढेच पाणी गटारातली हवा घरात येऊ देत नाही. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 मध्ये शौचकूपासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. घरात आणि गटारात दोन इंच पाण्याचे अंतर, एवढ्यावर सगळ्या शहरांचा कारभार चालला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर महिनाभर बंद ठेवले की परतल्यावर जो वास येतो, तो त्या पाण्याच्या आटण्याचा. जाण्यापूर्वी तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल ओतून जावे, असे मिस्त्रींनी सांगितले. तेल पाण्यावर तरंगते आणि ते उडू देत नाही.

पण हे पाणी नुसते आटत नाही, ओढलेही जाते. हवेच्या पाइपाचे प्रयोजन मला तेव्हा समजले. पाइपातून एकदम पाणी गेले की ते पुढची हवा ढकलते आणि मागे पोकळी ठेवते. ती पोकळी भरायला कुठून तरी हवा हवी. दुसरी वाट नसेल तर ती ट्रॅपमधले पाणी शोषून त्या वाटेने येते. गुळगुळ असा आवाज येतो तो हाच. आमच्या बंद टाकीचा प्रश्न आणखी अवघड. कमोडातून पाणी आत आले की टाकीतली तेवढी हवा बाहेर जायला हवी, पंपाने पाणी उपसले की तेवढी आत यायला हवी. म्हणजे टाकीने श्वास घ्यायला आणि सोडायलाही हवा. बाजारात एक झडप मिळते, तिच्यातून हवा आत जाते पण बाहेर येत नाही. आधी बोलावलेल्या एका ठेकेदाराने तीच सुचवली होती, पाइप दिसायला वाईट म्हणून. या टाकीला ती चालणार नाही, कारण सोडलेला श्वास मग खोलीत येईल. तीन इंची पाइप टाकीपासून भिंतीने सरळ वर, गच्चीच्या कठड्यापलीकडे, वर डासांसाठी जाळीची टोपी. तो नेमका आमच्या खिडकीजवळून जात होता. यजमानांनी तो पाइप दुसऱ्या बाजूने न्यावा असे बरेच सुचवून पाहिले. दुसऱ्या बाजूने नेला तर तीन वळणे येतात. शेवटी खिडकीपासून चार फूट सरकवला आणि भिंतीचाच रंग दिला. तरी तो दिसतोच.

राहिला पाऊस. नाशिककर पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात : रामकुंडाजवळच्या त्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले. 2008, 2016 आणि 2019 या तिन्ही वर्षांचे पूर आम्ही पाहिले. आमचे घर नदीपासून दूर असल्याने पाणी दारातून आले नाही. पण पुरात वाहिन्या तुंबतात, आणि तुंबलेले पाणी आपली पातळी शोधत मागे फिरते. ज्याच्या घराची फरशी रस्त्याखाली त्याच्या ट्रॅपमधून ते आधी वर येते. म्हणून पंपातून निघणारा पाइप आधी रस्त्याच्याही दोन फूट वर नेला, तिथे बगळ्याच्या मानेसारखा वळवला आणि मग चेंबरमध्ये उतरवला; वाटेत उलटे पाणी रोखणारी झडप आहे. झडप एखाद्या वेळी अडकू शकते. मान अडकत नाही. मिस्त्रींचा विश्वास झडपेपेक्षा मानेवर जास्त.

काम सतरा दिवस चालले. शेवटच्या दिवशी फरशीखालचा न्हाणीचा पाइप झाकण्यापूर्वी मिस्त्रींनी त्याचे बागेकडचे तोंड बंद करून तो पाण्याने भरला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पातळी उतरलेली नव्हती. मग कमोडात त्यांनी ओल्या वर्तमानपत्राचे बोळे टाकले, पाणी सोडले, आणि आम्ही सगळे बागेत टाकीपाशी जाऊन उभे राहिलो. आत पाणी चढल्याचा आवाज आला, पंप घरघरला, थांबला. पुढच्या चेंबरपाशी मिस्त्रींचा मुलगा ओरडला, "आलं!" अण्णा वॉकर घेऊन दारात आले होते. त्यांनी मिस्त्रींना मुलाचे नाव विचारले, मग तो कितवीत आहे ते विचारले. आयटीआयला जातो असे कळल्यावर त्याला आत बोलावून बसवले आणि पाऊण तास सोडले नाही.

आता अण्णा खाली राहतात. पहाटे चारच्या सुमारास पंप अर्धा मिनिट चालतो, तो आवाज मला वर ऐकू येतो आणि मी कूस बदलते. न्हाणीचे पाणी कर्दळीला जाते. तिथे लावलेला अळू मात्र साबणाने पिवळा पडला आहे. अण्णांनी साबण बदलून पाहायला सांगितले आहे.